जुन्या निसानमध्ये ५.७ लिटरचं व्ही-८: कॅलिफोर्नियाच्या स्मॉग चाचणीतून गाडी कशी सोडवायची

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे गृहस्थ कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोजवळ राहतात. त्यांच्याकडे १९९१ सालची निसान २४०एसएक्स आहे. तिचं मूळचं २.४ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन थकलंय आणि त्या जागी शेवरोले कॅमेरोचं एलएस१, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८, बसवायचं त्यांच्या मनात आहे. इंजिन जागेत बसतं, त्यासाठी माउंटचे किट मिळतात, हे त्यांनी पाहून ठेवलंय. दुपटीहून मोठं इंजिन घेऊन स्मॉग चाचणीला, म्हणजे धुराच्या सरकारी तपासणीला, गेलो तर गाडी पास होईल का, एवढंच त्यांना विचारायचंय. जाता जाता नाशिकच्या चुलतभावाच्या जिप्सीबद्दलही त्यांनी विचारलंय, त्याकडे शेवटी येतो.

होईल. इंजिन मोठं आहे ही काळजी तर आधी डोक्यातून काढून टाका. कॅलिफोर्नियात स्मॉग तपासणी आणि त्यात नापास झालेल्या गाड्यांची दुरुस्ती, हेच माझं रोजचं काम आहे. इंजिन बदललेली गाडी निव्वळ सिलिंडरच्या आकारामुळे नापास झाली, असं मी पाहिलेलं नाही. घोडं अडतं ते दुसरीकडेच: इंजिन आणलं पण त्याच्याबरोबरची प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा अर्धीमुर्धी आणली, उरलेली भंगारवाल्याकडेच राहिली.

आधी आकाराचं बघू. चाचणीत मोजतात ते धुरातलं प्रमाण. हायड्रोकार्बन आणि नायट्रिक ऑक्साइड दहा लाखांत किती भाग, कार्बन मोनॉक्साइड किती टक्के. एकूण किती वायू बाहेर पडला, याच्याशी त्या यंत्राला कर्तव्य नसतं. १९९९ पर्यंतच्या पेट्रोल गाड्या तुमच्या भागात रोलरवर चढवतात आणि ताशी १५ मैल आणि २५ मैल अशा दोन टप्प्यांत तपासतात. रोलरचा भार गाडीच्या वजनाप्रमाणे ठरतो. निसान कॅमेरोपेक्षा बरीच हलकी, त्यामुळे तेच इंजिन तुमच्या गाडीत त्या रोलरवर जेमतेम घाम गाळेल. नायट्रिक ऑक्साइड तयार होतो तो जळणाच्या खूप वरच्या तापमानाला, आणि भार कमी असला की तो आपोआप कमी राहतो. शिवाय २००२ सालच्या इंजिनाला आठ सिलिंडरना आठ स्वतंत्र कॉइल, प्रत्येक बाजूला दोन असे चार ऑक्सिजन सेन्सर आणि स्वतःच्या चुका स्वतः पकडणारा संगणक आहे. धडधाकट एलएस१ तुमच्या झिजलेल्या २.४ लिटरपेक्षा कितीतरी स्वच्छ चालतं.

कमी भाराचा एक तोटा मात्र लक्षात ठेवा. मोठं इंजिन आरामात चालत असेल तर धूरही फारसा तापत नाही, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ज्याला आम्ही सगळे नुसतं कॅट म्हणतो, तो अडीचशे-तीनशे अंश सेल्सियसच्या वर गेल्याशिवाय नीट कामाला लागत नाही. स्टेशनच्या अंगणात वीस मिनिटं इंजिन बंद करून नंबराची वाट पाहत बसलात आणि मग थेट रोलरवर गेलात, तर चांगली गाडीसुद्धा हायड्रोकार्बनमध्ये मार खाते. जायच्या आधी फ्रीवेवर पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि रांगेत इंजिन चालूच ठेवा.

आता मुख्य मुद्दा. कायद्याच्या नजरेत तुम्ही इंजिन बदलत नाही, गाडीचं प्रमाणपत्र बदलता. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची, म्हणजे ईपीएची, जुनी भूमिका अशी आहे की इंजिन बदलल्यावर तयार होणारी गाडी, तिच्याच सालच्या किंवा त्यानंतरच्या एखाद्या प्रमाणित गाडीसारखी हवी. कॅलिफोर्नियात हे तपासतो तो ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर, म्हणजे बार. बारचे नियम त्याच धाग्यावर विणलेले आहेत, पण बरेच काटेकोर. तुमच्या गाडीपुरते सांगतो. इंजिन १९९१ सालचं किंवा त्यानंतरचं हवं. तुमची निसान कॅलिफोर्नियासाठी प्रमाणित असेल तर इंजिनही कॅलिफोर्नियासाठी प्रमाणित झालेलं हवं. पॅसेंजर गाडीत पॅसेंजर गाडीचंच इंजिन हवं. आणि डोनर गाडीत, म्हणजे इंजिन जिच्यातून काढलं त्या गाडीत, कारखान्यातून निघताना इंजिनाबरोबर प्रदूषण नियंत्रणाचं जे जे सामान होतं ते सगळं तुमच्या गाडीत जोडलेलं आणि चालू हवं.

यातली तिसरी अट लोकांच्या मुळावर येते. सिल्व्हराडो, टाहोसारख्या शेवरोलेच्या ट्रकमधलं ५.३ लिटरचं इंजिन भंगारात स्वस्तात मिळतं, दिसायला एलएस१चा सख्खा भाऊ, ताकदही भरपूर. म्हणून लोक तेच उचलतात. पण ते ट्रकच्या वर्गात प्रमाणित झालेलं इंजिन आहे. पॅसेंजर गाडीत ते चढवलं की तपासणीत वर्गच जुळत नाही, मग धूर कितीही स्वच्छ असो. दोन-चारशे डॉलर वाचवायला जाऊन आख्खा प्रकल्प अडकवू नका. १९९८ ते २००२ मधल्या कॅमेरो किंवा पॉन्टिॲक फायरबर्डचं एलएस१ घ्या, किंवा २००४ च्या पॉन्टिॲक जीटीओचं.

त्यातही माझं मत २००१ किंवा २००२ च्या कॅमेरोला. २००० पर्यंतच्या एलएस१वर ईजीआर, म्हणजे जळका वायू परत इंजिनात फिरवणारी व्यवस्था, होती. २००१ पासून ती गेली. जी वस्तू डोनरमध्ये मुळातच नव्हती ती तुम्हाला बसवावी लागत नाही, आणि अरुंद जागेत प्रत्येक नळी कमी झालेली परवडते. साल नवं तितकं सामान जास्त, असं सरसकट नसतं.

तर मग डोनर कसा घ्यायचा? इंजिन एकटं घेऊ नका. शक्य असेल तर अपघातात मागून ठोकलेली आख्खी कॅमेरो घ्या. बॉनेटखालचं प्रदूषणाचं लेबल वाचा, त्यावर कॅलिफोर्नियाच्या मानकांचा उल्लेख आहे का ते आधी बघा, मग भावाची घासाघीस करा. त्या लेबलचा, व्हीआयएन म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचा आणि इंजिनाच्या खोलीतल्या प्रत्येक नळीचा फोटो काढा, इंजिन उतरवायच्या आधी. पुढे तपासनीस विचारतो की ही व्हॅक्यूमची नळी मुळात कुठे जात होती, तेव्हा हे फोटो आणि व्हॅक्यूमचा नकाशा तुमच्या बाजूने बोलतात. खरेदीची पावती जपून ठेवा.

कॅमेरोतून काय काय उचलायचं? इंजिन, सहा गिअरचा टी५६ गिअरबॉक्स, संगणक आणि पूर्ण वायरिंग हार्नेस तर आलंच. हवेच्या पेटीपासून थ्रॉटलपर्यंतचा मार्ग, मधल्या, आत येणारी हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरसह. दोन्ही बाजूंचे मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणारे पाइप. चारही ऑक्सिजन सेन्सर. क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या तळाची, वाफ परत इंजिनात ओढू देणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि त्याच्या नळ्या जशाच्या तशा. व्हॉल्व्ह कव्हरवर छोटा फिल्टर खोचून क्रँककेसची वाफ मोकळ्या हवेत सोडणं हा डोळ्यांनी दिसणारा, जागच्या जागी नापास करणारा दोष आहे. मग एअर पंप आणि त्याच्या नळ्या. हा विजेवर चालणारा पंप गार इंजिन सुरू झाल्यावर थोडा वेळ मॅनिफोल्डमध्ये ताजी हवा ढकलतो, म्हणजे न जळलेलं पेट्रोल तिथेच जळतं आणि कॅट लवकर तापतो. दिसायला गबाळा आणि जागा खाणारा, म्हणून लोक पहिला त्यालाच काढून टाकतात. ठेवा. निसानच्या पुढच्या बंपरमागे त्याला जागा सापडते.

शेवटचं आणि लोक सर्वांत जास्त विसरतात ते म्हणजे इव्हॅप. पेट्रोलच्या टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात साठवायची आणि इंजिन चालू असताना ती ओढून जाळायची, ही ती यंत्रणा. कोळशाचा डबा, पर्ज सोलेनॉइड, व्हेंट सोलेनॉइड आणि टाकीतल्या दाबाचा सेन्सर, असे तिचे भाग. हे सेन्सर आणि सोलेनॉइड नसले तर कॅमेरोचा संगणक टाकी गळते की नाही याची परीक्षा घेऊच शकत नाही, आणि ती परीक्षा अपूर्ण राहते.

इव्हॅपला मी एवढं महत्त्व का देतो, ते सांगतो. एरी हागेन-स्मिट या कॅलटेकच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की लॉस एंजेलिसचं डोळे चुरचुरवणारं धुकं चिमणीच्या काजळीचं नसून, गाड्यांमधून आलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडून तयार झालेल्या ओझोनचं आहे. तेच पुढे राज्याच्या हवा मंडळाचे, म्हणजे कार्बचे, पहिले अध्यक्ष झाले. त्या हिशेबात अंगणात उन्हात उभी असलेली, इंजिन बंद असलेली गाडीसुद्धा टाकीच्या वाफेतून हायड्रोकार्बन सोडत असते. सॅक्रामेंटो आणि त्याच्या दक्षिणेचं सॅन वाकीन खोरं, दोन्हीकडे डोंगरांच्या मधे उन्हाळ्यात हवा कोंडते. फ्रेस्नोकडच्या कितीतरी शाळकरी पोरांच्या दप्तरात इनहेलर असतो, त्यात या हवेचाही हात आहे. मला व्ही-८चा आवाज मनापासून आवडतो, आणि तो आवाज त्या पोरांच्या श्वासाच्या किमतीवर नको, असंही मला तितक्याच मनापासून वाटतं. दोन्ही गोष्टी एकाच गाडीत बसतात. फक्त कोळशाचा डबा जोडावा लागतो.

आता जिथे निसानची खरी अडचण आहे तिकडे वळू: धुराचा मार्ग. अमेरिकन २४०एसएक्सचं स्टिअरिंग डावीकडे, आणि त्याचा दांडा डाव्या बाजूच्या मॅनिफोल्डच्या वाटेत येतो. म्हणून किट विकणारे त्या जागी ट्यूबचे हेडर, म्हणजे वाकवलेल्या नळ्यांचे मॅनिफोल्ड, देतात. कॅलिफोर्नियात कारखान्याबाहेरचा असा कुठलाही भाग बसवायचा, तर त्याला कार्बचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक हवा आणि तो क्रमांक तुमच्या इंजिनाच्या सालाला लागू हवा. अशा इंजिन बदलासाठी बनवलेल्या बहुतेक हेडरना तो नसतो. विकणारा 'स्मॉग लीगल' म्हणाला तर क्रमांक मागा आणि कार्बच्या यादीत स्वतः तपासा. क्रमांक नसेल तर कॅमेरोचे ओतीव मॅनिफोल्ड वापरून स्टिअरिंगच्या दांड्याचा मार्ग बदलणं, हा महाग पण बिनधोक रस्ता आहे.

कॅटचंही तेच. कुठलाही कॅट घेऊन वेल्ड केला, असं चालत नाही. तो कॅलिफोर्नियात मंजूर हवा आणि २००२ च्या कॅमेरोच्या ५.७ लिटर इंजिनासाठीच मंजूर हवा. मॅनिफोल्डपासून कॅटचं अंतर डोनरमध्ये होतं त्याच्या जवळपास ठेवा, सेन्सरही कॅटच्या पुढे-मागे त्याच क्रमाने. जागा नाही म्हणून कॅट मागे, पार गिअरबॉक्सच्याही पलीकडे नेला तर तो उशिरा तापतो, आणि संगणकाच्या कॅटच्या परीक्षेचं सगळं गणित फिस्कटतं.

इथे एक दोष जवळून दाखवतो, कारण इंजिन बदललेल्या गाड्यांमध्ये तो मला पुन्हा पुन्हा दिसतो. मॅनिफोल्ड आणि पुढच्या पाइपच्या जोडावर बारीक फट राहिलेली असते. कानाला काही कळत नाही. गार इंजिन सुरू करताना फार तर टिक-टिक असा आवाज येतो आणि इंजिन तापून लोखंड फुगलं की तोही थांबतो. पण धूर पाइपमधून सलग जात नाही, ठोक्याठोक्याने जातो, आणि दोन ठोक्यांच्या मधे त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढचा ऑक्सिजन सेन्सर ती हवा वाचतो आणि संगणकाला सांगतो, मिश्रण पातळ आहे. संगणक बिचारा पेट्रोल वाढवतो. आता पेट्रोल खरोखरच जास्त होतं, कार्बन मोनॉक्साइड चढतो, कॅट जास्त तापतो, आणि स्कॅनरवर मात्र पी०१७१ किंवा पी०१७४, म्हणजे मिश्रण पातळ असल्याचा कोड दिसतो. लोक पंप बदलतात, इंजेक्टर धुतात, मास एअरफ्लो बदलतात. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते, बघा: एका बाजूचा ट्रिम शून्याच्या आसपास आणि दुसरीकडचा अधिक पंधरा-वीसवर असेल तर त्या बाजूच्या जोडाकडे जा. इंजिन बंद करून सायलेन्सरच्या तोंडातून स्मोक मशीनचा धूर सोडा. फट कुठे आहे ते धूरच दाखवतो.

सगळं ठीक असताना चित्र कसं दिसतं, तेही सांगून ठेवतो. पुढचे सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मधे सतत खालीवर नाचतात, कारण संगणक हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ या रेषेच्या अलीकडे-पलीकडे हलवत असतो. कॅट तिन्ही वायू एकाच वेळी मारतो तो फक्त त्या रेषेच्या अगदी जवळ. मागचे सेन्सर मात्र जवळजवळ स्थिर हवेत. मागचेही पुढच्यांसारखेच नाचत असतील तर कॅट मेलेला आहे, पी०४२० किंवा पी०४३० यायचाच.

वायरिंगमध्ये तीन जागा नीट बघा. पहिली, गाडीच्या वेगाचा सेन्सर. टी५६ वर तो असतो, त्याची तार कॅमेरोच्या संगणकापर्यंत गेलीच पाहिजे. गाडी चालतेय हेच संगणकाला कळलं नाही तर त्याच्या निम्म्या स्वयं-परीक्षा सुरूच होत नाहीत. दुसरी, क्रँकशाफ्टची ओळख. एलएस१चा संगणक क्रँकच्या चक्राच्या दातांमधला बारीक फरक शिकून मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं जळण हुकणं, ओळखतो. संगणक किंवा इंजिन बदललं की ते त्याला पुन्हा शिकवावं लागतं, नाहीतर पी१३३६ कोड येतो. जीएमचा टेक-२ स्कॅनर किंवा ती सोय असलेला दुसरा स्कॅनर लागतो: इंजिन गरम, ब्रेक दाबलेला, ॲक्सिलरेटर दाबत जायचं आणि इंधन तुटल्याचं जाणवलं की लगेच पाय काढायचा. दोन मिनिटांचं काम, पण त्यावाचून गाड्या महिनोन्महिने रखडतात.

तिसरी जागा पेट्रोलच्या पातळीची, आणि ही भल्याभल्यांना चकवते. संगणक इव्हॅपची परीक्षा तेव्हाच घेतो जेव्हा टाकी साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मधे भरलेली असते. ती पातळी त्याला टाकीतल्या फ्लोटकडून कळते. तुमच्या टाकीत निसानचा फ्लोट आहे आणि संगणक कॅमेरोचा. दोघांचे ओहम जुळत नाहीत. टाकी अर्धी असली तरी संगणकाला ती रिकामी किंवा काठोकाठ वाटते आणि तो परीक्षा पुढे ढकलत राहतो. चेक इंजिनचा दिवा कदाचित लागणारही नाही, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. उपाय दोन: निसानच्या टाकीत जीएमच्या ओहमचा फ्लोट बसवणं, किंवा मधे सिग्नल बदलून देणारं छोटं मॉड्यूल लावणं. काट्यासाठीही तोच सिग्नल लागतो, तेव्हा दोन्हींचा विचार एकदमच करा.

सॉफ्टवेअरबद्दल माझं मत कडक आहे. कॅमेरोची चोरीविरोधी यंत्रणा निसानमध्ये नसणार, त्यामुळे तेवढा अडथळा काढावा लागतो. पण त्याच बैठकीत ट्यूनर म्हणेल, मागचे सेन्सर बंद करू, इव्हॅप बंद करू, एअर पंप बंद करू, दिवा कधीच लागणार नाही. ठाम नाही म्हणा. बंद केलेल्या परीक्षा स्कॅनरला 'लागू नाही' अशा दिसतात, आणि तपासनीसाला २००२ च्या कॅमेरोत कोणत्या परीक्षा असतात ते पाठ असतं. २०२१ च्या जुलैपासून तर कॅलिफोर्नियात ओबीडीवर, म्हणजे गाडीच्या संगणकाच्या स्वयं-परीक्षांवरून, तपासल्या जाणाऱ्या २००० आणि त्यानंतरच्या गाड्यांत सॉफ्टवेअरच कारखान्याचं आहे का, हे चाचणीच्या यंत्रातून पडताळतात आणि बदललेलं आढळलं की गाडी नापास. तुमची चेसिस १९९१ ची म्हणून यातून सुटका होईल, या भरवशावर राहू नका. कॅलिब्रेशन, म्हणजे संगणकातलं मूळचं सॉफ्टवेअर, डोनरचंच ठेवा, आणि मॅन्युअल गिअरबॉक्स असेल तर मॅन्युअल कॅमेरोचंच.

गाडी तयार झाली की कोपऱ्यावरच्या स्मॉग स्टेशनवर प्रमाणपत्र मागायला जाऊ नका. इंजिन बदललेली आणि त्या बदलाचं अधिकृत लेबल नसलेली गाडी त्यांना पास करता येत नाही, ते तुम्हाला रेफरीकडेच पाठवणार. रेफरी म्हणजे बारने नेमलेला तज्ज्ञ तपासनीस. त्यांची केंद्रं बहुतेक कम्युनिटी कॉलेजांच्या आवारात असतात आणि वेळ ठरवून जावं लागतं. लोकांच्या मनात रेफरीची उगाच धास्ती असते. माझा अनुभव उलट आहे. ही माणसं गाड्यांवर प्रेम करणारी आहेत, नीट केलेलं काम त्यांना लगेच दिसतं. त्यांना फक्त तुमच्या गाडीच्या इंजिनाच्या खोलीत २००२ ची कॅमेरो दिसली पाहिजे. म्हणून डोनरचे फोटो, पावत्या, एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांकांची यादी, सगळं एका फाइलमध्ये घालून न्या. भाग चिखल-तेलाने माखलेले नकोत, क्रमांक वाचता आले पाहिजेत. ओबीडीचं प्लग डॅशबोर्डखाली पटकन सापडेल असं हवं. सीटखाली गुंडाळून ठेवलेलं नको. चेक इंजिनचा दिवा किल्ली फिरवल्यावर लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. निसानच्या डॅशमध्ये ही तार जोडायची राहून जाते.

वेळ घ्यायच्या आधी सगळ्या स्वयं-परीक्षा पूर्ण झाल्यात ना, हे स्वतः स्कॅनरवर बघा. एकही अपूर्ण ठेवून जाऊ नका. बॅटरी काढली किंवा कोड पुसले की सगळ्या शून्यावर येतात, म्हणून आदल्या दिवशी 'जरा साफ करून ठेवतो' म्हणत कोड पुसणं अंगाशी येतं. रात्रभर गाडी उभी राहू द्या, टाकी अर्धी ठेवा, सकाळी गार इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटं तसंच चालू द्या, मग थोडं शहरातून, मग फ्रीवेवर ताशी ५५-६० मैलांवर पंधरा मिनिटं एकसारखं, मधे एक-दोनदा ब्रेक न लावता गाडी आपोआप मंदावू द्या. असे काही दिवस. इव्हॅप सगळ्यात शेवटी पूर्ण होते, धीर धरा. साध्या स्टेशनवर पैसे देऊन आधी एक प्राथमिक तपासणी करून घेतलीत तर रोलरवरचे आकडेही हातात येतात.

रेफरीने पास केलं की गाडीवर तो एक लेबल लावतो, कोणत्या सालच्या कोणत्या गाडीचं इंजिन आहे ते नोंदवून. त्यानंतर दर दोन वर्षांनी येणारी चाचणी साध्या स्टेशनवर होते. तिथला माणूस ते लेबल वाचून कॅमेरोच्या सामानाची अपेक्षा ठेवतो. रंगकाम किंवा बॉडीचं काम काढलंत तर त्या लेबलला जपायला पेंटरला आधी बजावा. पुढे कधी कॅट किंवा सेन्सर बदलायचा झाला तर दुकानात निसान सांगू नका, २००२ कॅमेरो ५.७ सांगा.

हे सगळं जड वाटत असेल तर दुसरा मार्गही आहे. शेवरोलेने खास याच कामासाठी ई-रॉड नावाचं पॅकेज काढलं: ६.२ लिटरचं ४३० हॉर्सपॉवरचं एलएस३, त्याचा संगणक, हार्नेस, मॅनिफोल्ड, कॅट, ऑक्सिजन सेन्सर, कोळशाचा डबा, ॲक्सिलरेटरचं पेडल, सगळं एकत्र आणि कार्बच्या एक्झिक्युटिव्ह ऑर्डरसह. जुन्या, ओबीडी-२ च्या आधीच्या गाड्यांसाठीच ते आहे. खर्च बराच जास्त, आणि सूचनांमध्ये दिलेल्या जागीच सगळं बसवावं लागतं, पण डोनर शोधण्याची आणि त्याची कागदपत्रं जमवण्याची दगदग संपते. रेफरीकडे तरीही जावं लागतंच. हाताशी पैसे असतील आणि वेळ नसेल तर मी हेच सुचवेन.

पैसे घेऊन दुसऱ्याच स्वच्छ गाडीचा धूर यंत्रात घालून तुमच्या गाडीचं प्रमाणपत्र काढून देणारेही भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. बार अशांवर खटले भरतं, प्रमाणपत्र रद्द होतं, आणि गाडी पुन्हा पहिल्या पायरीवर येते. शिवाय तुमची गाडी खरोखरच घाण सोडत राहते, ते वेगळंच.

आता नाशिकच्या चुलतभावाची जिप्सी. तिच्या १.३ लिटरच्या पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल बसवायचं आणि पीयूसी काढून मोकळं व्हायचं, असा त्याचा बेत दिसतो. पीयूसीचं यंत्र फक्त धूर बघतं: पेट्रोल असेल तर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, डिझेल असेल तर ॲक्सिलरेटर झटक्यात दाबून धुराचा दाटपणा. इंजिन कुठलं, परवानगी आहे का, हे पीयूसीवाला ठरवत नाही. ते मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की नोंदणी पुस्तकातली माहिती कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. पेट्रोलचं डिझेल म्हणजे इंधनच बदललं. पीयूसीचा कागद हातात असला तरी अपघात झाला की विमा कंपनी नोंदणी पुस्तक मागणार, आणि त्यावर पेट्रोलच लिहिलेलं असणार. तेव्हा गॅरेजवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी त्याने नाशिकच्या आरटीओत लेखी अर्ज करावा आणि उत्तरही लेखीच घ्यावं. मूळचंच १.३ लिटरचं इंजिन उघडून नीट बांधून घेतलं तर यातलं काहीच मागे लागत नाही, आणि जिप्सीचे सुटे भाग नाशकात अजून मिळतात.